तेहतीस इंच

डॉक्टरांनी बाबांच्या आयुष्याची महिनाभराची मुदत दिली होती. आईने ती मुलीखेरीज कुणालाच सांगितली नव्हती. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याला तर नाहीच. "त्यांच्यासमोर तोंड पाडून बसलीस तर याद राख," असा सोळा वर्षांच्या पोरीला दमही भरला होता.

म्हणून त्या दुपारी बाबांनी "टेप आण, मला नवा सदरा हवाय" म्हटलं, तेव्हा आईला कोण आनंद! दोन दिवस त्यांना घास उतरला नव्हता, पण कपड्याची हौस तरी शाबूत होती.

बाबा उशीला टेकून बसले. वही मांडीवर घेतली. "चला, छोटे मास्तर. माप सांगा, मी लिहितो."

पोरीने छातीभोवती टेप धरला. तेहतीस. वहीच्या जुन्या पानावर त्यांच्याच अक्षरात चाळीस होते. दारातून आईने डोळे वटारले.

"अडतीस," पोर म्हणाली.

बाबांची पेन्सिल हलली नाही. "परत घे."

"अडतीसच आहे, बाबा."

"अगं, अडतीसचा सदरा माझ्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसेल. शेवटचं बघायला लोक येतील आणि म्हणतील, याला स्वतःचा सदरा धड जमला नाही."

आईने चौकट घट्ट धरली. पोरीला टेपखाली एकेक फासळी लागत होती.

"तेहतीस," ती म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. "लांबी?"

"तेवढीच आहे."

"चला, उंचीने तरी दगा दिला नाही."

आई तरातरा आत गेली. भांडी आदळली.

"कापायचंही तूच," बाबा म्हणाले. आजवर त्यांनी तिला जुन्या चादरींखेरीज कशालाच कात्री लावू दिली नव्हती. "आणि शिवणीत जादा कापड सोडू नकोस. ते वाढत्या अंगाला."

तिने टेबलावर आकाशी कापड पसरलं, खडूने रेघा ओढल्या. तेवढ्यात बाबांचा डोळा लागला. कापड टेबलावरून सारखं घसरत होतं.

आई मागे येऊन उभी राहिली. "थोडा सैल ठेव ना गं," ती कुजबुजली. "समजा, भरलं अंग पुन्हा..."

"नाही भरणार, आई."

आईने ओले हात कोरडे केले, टेबलाच्या पलीकडे गेली आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

"काप," ती म्हणाली.