बिब्बा आणि पेनिसिलिन

पेनिसिलिनचं नाव काढलं की माझ्या सासूबाई, नलिनीताई, कानाला हात लावायच्या. क्षितिजाला, म्हणजे माझ्या बायकोला, लहानपणी ते टोचलं आणि ती मरता मरता वाचली, हे त्यांनी आम्ही राहतो त्या चंडीगडच्या प्रत्येक डॉक्टरला मोडक्यातोडक्या हिंदीत ऐकवलं होतं. त्यामुळे तिच्या केसपेपरवर लाल शाईत ॲलर्जी लिहिलेली.

आता क्षितिजाच्या हृदयाच्या झडपेला संसर्ग झाला होता. ताप हटत नव्हता आणि दुसऱ्या औषधाने मूत्रपिंडं थकायला लागली होती. पेनिसिलिन चाललं असतं तर प्रश्नच नव्हता, असं डॉक्टर म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बशीतल्या बुरशीने एका शास्त्रज्ञाचा प्रयोग बिघडवला, त्यातून हे औषध सापडलं. जगभर माणसं त्याने वाचली. माझ्याच बायकोने त्याचं काय घोडं मारलं होतं, की ते तिच्या जिवावर उठावं?

तेवढ्यात ॲलर्जी विभागाचे डॉक्टर प्रसन्न आले. ते मूळचे यवतमाळचे. सासूबाई वर्ध्याच्या, त्यांना मराठी बोलणारं माणूस मिळालं आणि त्या सुटल्याच. घसा बिघडला होता, कमरेखाली इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी तिथे फोड आले, कातडी काळी पडली, पोर तापाने फणफणली. डॉक्टरांनी विचारलं, अंगावर इतर कुठे काही उठलं होतं का? नाही, फक्त तिथेच.

"काकू, इंजेक्शननंतर तिथे काही लावलं होतं का?"

"गाठ आली होती न जी. मीच बिब्बा तापवून लावला."

"हे आधी कुणाला सांगितलं होतं?"

"बिब्ब्याचं काय सांगायचं? तो तर आपण लावतोच न."

डॉक्टर हसले नाहीत. बहुतेक बिब्बाच उतला होता, त्याच्या तेलानेच कातडी भाजून फोड आले होते, म्हणाले, पण तपासल्याशिवाय काही द्यायचं नाही.

हातावर चाचणी झाली, मग थोडासा डोस. सासूबाई त्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसल्या. हात स्वच्छ राहिला. मग पूर्ण औषध सुरू झालं, आणि दोन दिवसांत ताप उतरला. नर्सने थर्मामीटर दाखवला तेव्हा मी खुर्चीत बसून चक्क रडलो. इतकं हलकं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

क्षितिजाला डुलकी लागलेली पाहून सासूबाईंनी पिशवीतून एक पुडी काढली आणि माझ्या हातात कोंबली. गुडघ्यांसाठी आणलेले बिब्बे होते.

"फेकून द्या, निमिषराव. तिला कळू नका देऊ."

"आई," क्षितिजा डोळे न उघडताच म्हणाली, "गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी घे."

आणि ती हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.