हाक न मारता दिलेला बॅटन

हसू नका, पण मी बॅटन बोलतोय. रिलेच्या शर्यतीत एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाते ना, ती ॲल्युमिनियमची पोकळ नळी म्हणजे मीच.

जन्म म्हणाल तर एका वर्कशॉपात झाला. लांबलचक नळी कापली आणि आम्ही भावंडं निघालो. माझी एक कड जरा खरखरीत राहिली. लाल रंग फासून मला एका शाळेच्या खेळाच्या खोलीत पाठवलं. तिथे पोत्यात माझ्या शेजारी फुटबॉल असायचा. दिवसभर लाथा खायचा, तरी रुबाब केवढा!

मला कुणी फार वेळ हातात ठेवत नाही. घेतलं की पुढे द्यायचं, माझं कामच तसं. पण तेव्हा त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण त्या दोघी होत्या.

चौघींच्या संघात तिसरी धावायची ती भोंगा. ती "घे!" म्हणून ओरडली की रस्त्यावरची माणसं दचकायची, म्हणून मुंगीने तिला हे नाव ठेवलं होतं. शेवटची धावायची ती मुंगी. चणीने एवढीशी, पण पळायला लागली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

रिलेत पुढचीने मागे बघायचं नसतं. तळहात मागे करून पळत सुटायचं. मागची "घे!" म्हणून ओरडते आणि मला तिच्या हातात ठेवते. मान वळली की वेग गेलाच म्हणून समजा. खेळाच्या मॅडम घसा फोडून तेच सांगायच्या, "मान वळवू नकोस! मागचीवर विश्वास ठेव!"

या दोघींना त्याचं वेडच लागलं. जिन्यात, रस्त्यात, कुठेही मुंगी तळहात मागे करायची आणि भोंगा हाताला लागेल ते त्यावर ठेवायची. खोडरबर, बसचं तिकीट, एकदा तर ओला मोजा. मुंगी अशी किंचाळली! मग दोघी हसून हसून फुटपाथवरच बसल्या.

पुढे भोंग्याचं बोलणं कमी होत गेलं. एकदम नाही, कुणाला कळू नये इतकं हळूहळू. तिचं "घे" आता मैदानाबाहेर जायचं नाही. मॅडमना वाटलं घसा बसलाय, मुंगीला वाटलं परीक्षेचं टेन्शन असेल. मला तिचा हात गार लागायचा, एवढंच.

एका संध्याकाळी सराव संपला. मुंगीला क्लासला उशीर होत होता. ती फाटकाकडे निघाली तेवढ्यात मागून भोंगा म्हणाली, "मुंगे, थांब ना जरा."

मुंगीने न वळता, नेहमीच्या गमतीने, तळहात मागे केला. भोंग्याने मला त्यावर ठेवलं. "घे" म्हणाली नाही. मुंगी हसली, "उद्या बोलू गं!" म्हणाली आणि पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत कळलं. भोंग्याने आत्महत्या केली होती.

मुंगीने मला परत केलंच नाही. मी तिच्या उशाशी राहू लागलो. इतका वेळ कुणी मला धरून ठेवलं नव्हतं, आणि इतका एकटाही मी कधी नव्हतो.

माणसांची एक सवय मला तेव्हा कळली. मुंगी खोलीत आली की बोलणं थांबायचं. "इतकी हसरी पोर, असं कसं केलं?" असं एकमेकांना विचारायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत. आई म्हणायची, "दोन घास खाऊन घे." बाबा पंखा उगाच कमीजास्त करायचे. भोंगा हे नाव मात्र घरात कुणी घेईना. मुंगी रडायचीही नाही. नुसती माझ्या खरखरीत कडेवरून अंगठा फिरवत बसायची.

सराव पुन्हा सुरू झाला. भोंग्याच्या जागी एक नवी मुलगी आली, माझ्या जागी निळा बॅटन. मी मैदानाच्या कडेला मुंगीच्या दप्तरात. नवी "घे" म्हणायच्या आधीच मुंगी मान वळवायची. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"अगं, मान का वळवतेस सारखी?" मॅडम ओरडल्या.

मुंगी मैदानाच्या मधोमध उभी राहिली. "कारण ती थांब म्हणाली होती! त्या दिवशी थांब म्हणाली, आणि मी वळून बघितलं नाही!"

मॅडम तिच्याजवळ येऊन मातीत बसल्या. "मी तर तिला रोज समोरून बघत होते गं. मला तरी कुठे दिसलं?"

"मी थांबले असते तर?"

"तर काय झालं असतं, मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? पण हे तुझ्यामुळे झालेलं नाही. ते मला माहीत आहे." मग डोळे पुसत म्हणाल्या, "आजपासून खुशाल मागे बघ. हरलो तर हरलो."

तेव्हा कुठे मुंगी रडली. चांगली हमसून हमसून रडली.

त्याच आठवड्यात मॅडम तिला भोंग्याच्या घरी घेऊन गेल्या. मुंगीने मला भोंग्याच्या आईसमोर धरलं. "काकू, हा तिने मला दिला होता. शेवटचा." आणि सगळं सांगून टाकलं.

काकूंनी मला हातात घेतलं. "त्या दिवशी तिने 'आई' अशी हाक मारली होती," त्या म्हणाल्या. "मी गॅसकडे तोंड करून उभी होते. नुसतं 'हं' म्हटलं."

मग काकूंनी मला पुढे केलं आणि म्हणाल्या, "घे."

मुंगीने घेतलं. समोर बघून, दोन्ही हातांनी.

आता मी मुंगीच्या कपाटावर असतो. ती मैदानावर गेली की घर सामसूम होतं आणि मला भोंग्याचा आवाज फार आठवतो. कधी मुंगी मला काकूंकडे नेते. तिथे भोंग्याचं नाव मोठ्याने घेतलं जातं, ओल्या मोज्यावर हसणंही होतं.

मी एक पोकळ नळी, मला काय कळतं? पण तुमच्यापैकी कुणाचा हात असा गार पडला असेल, तर एवढं ऐका. हाक मारा. पुढची थांबली नाही तर पुन्हा मारा, आणखी कुणाला मारा. ती तुम्हाला टाकून निघालेली नसते हो. तिच्या पाठीला डोळे नसतात, इतकंच.