घर क्रमांक बारा

ऑस्ट्रेलियात विकासाचं अर्थशास्त्र हा विषय कसा वाढला, यावर दानेश्वरीनं सोलापुरात बसून पाच वर्षं प्रबंध लिहिला होता. तिचं म्हणणं सरळ होतं. तिकडची मंडळी नुसते तक्ते चाळायचं सोडून आशियातल्या खेड्यांत येऊन राहू लागली, घरोघर जाऊन विचारू लागली, तेव्हा या विषयानं बाळसं धरलं. पुरावा म्हणून तिनं वळसंगचं १९७४चं सर्वेक्षण घेतलं होतं. एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यानं ते आठ महिने गावात राहून केलेलं.

मेलबर्नच्या परीक्षकानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. घर क्रमांक बारा, माणसं नऊ, नावं मात्र आठच. ज्याला एका घरातली माणसं मोजता आली नाहीत, त्याच्या भरवशावर हा प्रबंध कसा? तोंडी परीक्षा मंगळवारी होती. रविवारी सकाळीच दानेश्वरीनं वळसंगची एसटी पकडली.

बाराव्या घरात काशम्मा भेटली. सर्वेक्षणाच्या वर्षी ती त्या घरात नवी सून होती. दानेश्वरीनं जुन्या कागदावरची नावं वाचून दाखवली.

"आजी, ह्यात कुणाचं नाव राहिलं? एखादं लेकरू गेलं होतं का?"

"न्हाय गं बाई. आठच होतो आमी."

दानेश्वरीचं तोंडच उतरलं. म्हणजे चूकच की!

"मग नऊ कुणी सांगितले?"

"सासूनं. चंद्रव्वानं." काशम्मा हसायला लागली. "त्यो गोरा रोज आमच्यातच जेवायचा. सासूनं इच्यारलं, तुला कुटं लिवलास? त्यो म्हणला, मी पाव्हणा, मला धरत न्हाईत. सासू म्हणली, रोज हितं भाकरी खातूस आन् पाव्हणा कसला? नऊ लिव, न्हायतर उद्यापास्नं ताट न्हाय."

"आणि त्यानं लिहिलं?"

"लिवतंय न्हाय तर काय! भाकरी सोडतंय व्हय?"

दानेश्वरी मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तो माणसं मोजायला चुकला नव्हता. त्याला घरात धरलं होतं, एवढंच. मंगळवारी परीक्षकाला ती हेच सांगणार होती.

काशम्मानं आत सुनेला हाक मारली. घरात माणसं तीन.

"श्रीदेवी, चौघांचं पीठ घे गं."

दानेश्वरीनं पिशवी खाली ठेवली आणि हात धुवायला उठली.