पडद्यावरची मेंढरं

खंडेराव ब्रेकवर पाय ठेवून बसला होता आणि समोरच्या पडद्यावरून मेंढरं जात होती, जातच होती. मागे उभे असलेले टँकरवाले तोंडावर रुमाल धरून हसत होते.

चिकलठाण्याच्या पुढे, शहराला खेटून फुगलेल्या एका नगरपंचायतीने हे यंत्र विकत घेतले होते. सीट, स्टेअरिंग, पायात ब्रेक आणि समोर खोटा रस्ता. सिम्युलेटर म्हणे! टँकरचे टायर पार गुळगुळीत झाले होते, त्यांना निधी नव्हता. याची निविदा मात्र बिनबोभाट मंजूर झाली. तलाव आटलेला, नव्या कॉलन्या टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या, आणि ड्रायव्हर इथे एसीत बसून गाडी शिकणार. घेतलेले यंत्र वापरात दिसायला हवे, म्हणून फर्मान निघाले. यात जो पास होईल, तोच टँकरवर राहील.

बापाची मेंढरं पहिल्या दुष्काळात विकली गेली, तेव्हा खंडेरावाने टँकर धरला होता. घरात दुसरी कमाई नव्हती. बानाबाईने, त्याच्या बायकोने, सकाळीच देवाला नारळ बोलला होता. आता मेंढरं आडवी आली की धनगराचा पोर हॉर्न वाजवत नाही. बिचकलेलं मेंढरू चाकाखाली शिरतं. थांबायचं, कळप जाऊ द्यायचा, मागच्या मेंढक्याला रामराम घालायचा आणि निघायचं. यंत्रातला कळप हॉर्नशिवाय सरत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वेळ संपली.

"मेंढरं मोजीत बसला का रं?" परीक्षा घेणारे आप्पासाहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "अजून एक खेप देतो. घाल अंगावर."

"साहेब, मुकं जनावर हाय."

"चित्र हाय ते. घाल, नायतर किल्ली ठेव."

खंडेरावाने डोळे मिटले आणि ब्रेक सोडून रेस दाबली. यंत्र तरी कसलं हुबेहूब केलं होतं मेल्यांनी! एकेक मेंढरू चाकाखालून जावं तशी सीट खालून हिसके देत होती. मग एक मोठा दणका बसला. डोळे उघडले तर कळपामागचा म्हातारा मेंढका रस्त्यात आडवा पडला होता, घोंगडी एका बाजूला.

"माणूस मारलास की. बाद," आप्पासाहेब म्हणाले.

"तुमीच म्हणलात, घाल."

"मेंढरावर म्हणलो व्हतो."

यावर तर लोक पोट धरून हसले. पुढे आपलीही पाळी आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं, म्हणून तर हसले.

पुढचा नंबर आप्पासाहेबांच्या साडूच्या मुलाचा, हनुमानचा. बटण दाबलं तसा मेलेला म्हातारा उठला आणि मुकाट कळपामागे चालू लागला. हनुमानला आदल्या दिवशीच सारं दाखवून ठेवलेलं. त्याने लांबलचक हॉर्न दिला, मेंढरं फाकली आणि गाडी सुसाट निघाली. टाळ्या पडल्या.

"साहेब, आत्ता कळलं. मलाबी एकदा हॉर्न वाजवून बघू द्या," खंडेराव म्हणाला.

"दोनच खेपा असत्यात," आप्पासाहेब म्हणाले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली करदोड्याला बांधलेली होती. गाठ जुनी, लवकर सुटेना. तोवर त्यांनी पुढच्यासाठी पडदा पुन्हा लावला. मेंढरं सुरू व्हायची होती. म्हातारा तेवढा रस्त्याच्या कडेला येऊन उभा होता. खंडेरावाने किल्ली दिली, पडद्याकडे वळून म्हाताऱ्याला रामराम घातला आणि दाराशी चपला शोधू लागला.