कुसरीचा पाला

परीक्षक म्हणून धनश्रीकडे आलेला हा पहिलाच लेख. जर्नलचा नियम असा, की लेखकाचं नाव परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षकाचं लेखकाला. लेख वाचायचा, स्वीकारावा, सुधारून घ्यावा की नाकारावा ते कारणांसह कळवायचं. शेवटचा शब्द संपादकांचा. भोरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या धनश्रीला चार दिवस आभाळ ठेंगणं झालं होतं.

पाचव्या पानावर मात्र तिचं डोकं सणकलं. डोंगरातले धनगर शेळ्यांना कुसरीच्या रानवेलीचा पाला चारतात, त्यानं दूध वाढतं, असा लेख तिनं स्वतः याच जर्नलात छापला होता. आणि हा कोण टिकोजीराव म्हणत होता, की त्या पाल्यानं दूध आटतं! वर तिच्या लेखाचा दाखला देऊन तो चुकीचा आहे, असंही. अहो, त्याच लेखाच्या जोरावर तिच्या बढतीची फाइल पुढं सरकत होती. हा छापून आला की फाइल बसलीच म्हणायची.

धनगराची लेक ती, आजोळ पालीच्या वरच्या वस्तीवर. तिला कोण शिकवणार? तिनं ‘नाकारावा’वर खूण केली आणि ठसक्यात लिहिलं, “लेखकाने एखाद्या जाणत्या धनगराजवळ बसून खात्री करून घ्यायला हवी होती.” पाठवण्याआधी पुराव्याला एक फोटो जोडावा, म्हणून रविवारी स्कूटी काढून ती मार्गासनीवरून पालीला गेली आणि वरचा चढ चढली.

बिरूमामा शेळ्यांच्या वाड्यात एका गाभण शेळीपाशी बसले होते. व्यायला महिना राहिला तरी ती अजून दूध देतच होती. मामा तिला कुसरीचा पाला चारत होते.

फोटोसाठी काढलेला मोबाइल धनश्रीनं खाली घेतला. “मामा, ह्यानं दूध वाढतं ना?”

“आटतं की. आता नगं आटवाया? पोटातल्या करडाला ताकद नगं?”

मग मागं मला वाढतं म्हणून का सांगितलं, असं तिनं जरा तोऱ्यातच विचारलं. मामा हसले. त्या दिवशी ती एसटीच्या घाईत होती, दारातच उभी, हातात वही.

“तूच म्हनलीस, दूध वाढाया देता न्हवं? म्हनलं, पोरगी येवढी शिकल्याली, तिला न्हाई कसं म्हनू? म्या व्हय म्हनलो.”

ठकुमामींनी चहा दिला आणि सांगितलं, की गेल्या उन्हाळ्यात एक जण येऊन आठ दिवस शेरडांमागं हिंडला. विचारलं थोडं, बघितलं फार. मामा त्याचं नाव आठवायला लागले, तसा धनश्रीनं त्यांचा हात धरला.

“नाव नका सांगू, मामा. ते मला कळता कामा नये.”

लाज वाटली, लई वाटली. पण ती हातपाय गाळणाऱ्यातली नव्हती. भोरला परतताच तिनं खूण बदलून ‘स्वीकारावा’वर केली. संपादकांना वेगळं पत्र लिहिलं: यात खोडून काढलेला लेख माझा आहे, तेव्हा हवं तर दुसरा परीक्षक नेमा, पण चूक माझी आहे, आणि तिची दुरुस्ती माझ्या नावानिशी छापा.

जाणत्या धनगराजवळ बसण्याचं ते ठसक्यातलं वाक्य मात्र तिनं पुसलं नाही. परीक्षणातून उचलून जसंच्या तसं या पत्रात, आपल्याच लेखाच्या नावाखाली ठेवलं आणि सही केली.