काखेतले हात

माहितीपट सत्य सांगतो, असे जावईबापूंचे मत होते. सत्याला अधूनमधून थोडी मदत लागते, असेही होते. या दोन मतांमधल्या चिंचोळ्या जागेत त्यांच्या थोरल्या मेहुणीचा संसार मांडलेला होता: दोन मॉनिटर, जाड काळ्या कापडाने झाकलेली खिडकी आणि पाठीशी उशी बांधलेली खुर्ची. जावईबापू चित्रित करून आणत, ती जोडून देई. ते तिला ताई म्हणत. ती त्यांना जावईबापू म्हणे. लग्नात एकदाच शोभलेले हे संबोधन तिने पुढे टोचण्यासाठी जपून ठेवले होते.

या खेपेचा विषय होता हातवाले. जुन्या नाट्यगृहामागच्या इमारतीत राहणारी ही माणसे. धंदा पिढीजात, पैसे घेऊन प्रेक्षकांत बसायचे आणि टाळ्या वाजवायच्या. टाळी कुठे उचलायची, कुठे सोडायची, हुंदका कोणत्या वाक्याला, हे त्यांना इतके पक्के ठाऊक, की तिकीट काढून आलेला प्रेक्षक मेंढरासारखा त्यांच्या मागे जाई. आता टाळ्या यंत्रातून निघू लागल्या होत्या आणि नाट्यगृहाला कुलूप लागणार होते. एखादी जमात मरणाला टेकली, की स्वतंत्र माहितीपटकाराला पान्हा फुटतो. जावईबापूंनाही फुटला.

चित्रपटाचा शेवट आधीच ठरला होता. राजे, म्हणजे जन्मभर राजांच्याच भूमिका केलेला म्हातारा नट, नाट्यगृहाच्या अखेरच्या प्रयोगात आपला गाजलेला प्रवेश करणार आणि हातवाले त्याच्यावर टाळ्यांचा पाऊस पाडणार. प्रत्यक्षात राजांनी तो प्रवेश केला, पडदा पडला, आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. दोन्ही कॅमेरे चालू होते. रांगेमागून रांग हातवाले बसलेले, प्रत्येकाचे दोन्ही हात काखेत घट्ट.

जावईबापूंच्या तोंडचे पाणी पळाले. पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाजाचा नमुना हवा असे सांगून सगळ्यांना रिकाम्या सभागृहात बसवले. हातवाल्यांनी विचारले नाही; कामाला 'का?' असे विचारायची त्यांच्यात रीत नाही. टाळ्या मात्र अशा वाजल्या, की छताची धूळ खाली आली.

"ही टाळी राजांच्या प्रवेशाला जोडा," जावईबापू म्हणाले. "प्रकाश तोच आहे. शिवण दिसायची नाही."

"शिवण मी घालणार, म्हणजे दिसायची नाहीच," ताई म्हणाली. "पण जावईबापू, तुम्ही तुमचंच चित्रीकरण पाहता का कधी?"

"म्हणजे?"

तिने एक तुकडा लावला. जिन्याच्या पायरीवर आत्या बसल्या होत्या, हातवाल्यांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या. तळव्यांना तेल चोळत त्या सांगत होत्या: "आपल्या माणसाला टाळी नाही. आणि काळजाला भिडलं, त्याला तर नाहीच नाही. विकायचा माल घरच्याच्या पानात वाढतात का? तेव्हा हात काखेत. राजांना कितीदा तरी वाजवल्या आम्ही. दर वेळी विंगेतून बघायचे बिचारे, आज तरी हात काखेत जातात का म्हणून." इतक्यात कॅमेऱ्यामागून जावईबापूंचा आवाज आला: "आत्या, जरा खिडकीकडे बघून बोला ना, चेहऱ्यावर उजेड छान येतोय."

आत्या आज्ञाधारकपणे खिडकीकडे पाहून गप्प झाल्या.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," ताई म्हणाली. "तुमचा शेवट तुमच्याकडे आहे. माणसानं आयुष्यभर वाट पाहिली ती शांतता त्याला एकदाच मिळाली, आणि ती तुमच्या कॅमेऱ्यात आहे. टाळी जोडलीत तर त्याला सांगाल, की पडलास तू."

जावईबापू क्षणभर खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "सुंदर आहे हो ताई. पण चित्रपट महोत्सवातल्या माणसाला हे कळणार कसं? त्याला समोर दिसणार, की लोकांना कंटाळा आला."

"आत्यांचा तुकडा आधी लावला की कळेल."

"तो फार संथ आहे. आणि निवड समितीला मी टाळ्यांचा शेवट लिहून दिलाय. एवढ्याशा गोष्टीसाठी राजे काय कोर्टात जाणार आहेत? उलट म्हाताऱ्याला बरंच वाटेल."

"त्यांना विचारा."

"कलाकृती दाखवायची असते, ताई, विचारायची नसते."

ताईने पुढे वाद घातला नाही. बहिणीच्या घरात या माणसाबरोबर रोज जेवायला बसायचे होते. त्यातून अक्कल शिकवायला जावे तर आपलेच तोंड दुखते. तिने टाळी जोडली, आणि उत्तम जोडली. राजांची मान खाली जाते, अर्धा श्वास, आणि गडगडाट. शिवण दिसली नाही.

महोत्सवाला पाठवण्याआधी जावईबापूंनी मोठ्या मनाने हातवाल्यांनाच चित्रपट दाखवायचा घाट घातला. नाट्यगृह एका दुपारपुरते उघडले. रांगा त्याच, माणसे तीच. पुढच्या रांगेत आत्या, त्यांच्याशेजारी इस्त्रीचा सदरा घातलेले राजे. आपापले जिने, आपापली दारे पडद्यावर दिसली तशी माणसे एकमेकांना कोपराने ढोसत हसली. "अगं, तुझं नाक बघ केवढं!" असे कोणीतरी म्हणाले, आणि नाकवालीने त्याला शिवी हासडली. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईने पाहिले, की हळूहळू बरेच हात काखेकडे निघाले होते.

मग राजांचा प्रवेश आला. पडद्यावर त्यांची मान खाली गेली. अर्धा श्वास. गडगडाट.

सभागृहात कोणी हलले नाही. राजांनी एकदा आत्यांकडे पाहिले. आत्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. राजांनी मान हलवली, जसे एखाद्याने नको ते औषध घ्यायचे कबूल करावे.

नामावली संपली, दिवे लागले. आत्यांनी हात काखेतून काढले, मांडीवर पुसले आणि वाजवले. त्यांच्यामागे रांगेमागून रांग उठली. टाळी उचलली कुठे, चढवली कशी, कुठे तोडली आणि पुन्हा घेतली, सगळे अस्सल घराण्याचे. जावईबापू मंचावर गेले. त्यांचे डोळे भरून आले होते. वाकून, छातीवर हात ठेवून त्यांनी अभिवादन केले. टाळी आणखी वाढली.

राजे काठी टेकत मंचापाशी आले आणि त्यांनी हात जोडले. "साहेब, जन्मभर मिळाली तीच टाळी परत मिळवून दिलीत. तुमची कमाल आहे."

"अहो, मी काय केलं! तुमचंच आहे सगळं," जावईबापू म्हणाले आणि भिंतीकडे वळून ओरडले, "ताई, पाहिलंत?"

ताईच्या मनात आले, की उत्तर द्यावे. पण कामही तिचेच होते. शिवण तिने घातली होती आणि ती दिसली नव्हती. तिने काखेतले हात बाहेर काढले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.