चौदा जणांची यादी

माझा भाचा मुकुल परवा लॅपटॉप काखोटीला मारून आला. आमरसाचा कारखाना काढलाय त्याने, पावसच्या वाटेवर. कुठल्या बागेतला आंबा, कुठल्या दिवशी, कुठल्या डब्यात गेला, ते सगळं टिपून ठेवायचं तर यंत्र आपल्याकडे नको, ती माहिती म्हणे आता क्लाऊडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर ठेवतात. तीन कंपन्यांची पत्रकं त्याने माझ्यापुढे पसरली. म्हणाला, "आत्या, तू या भानगडीतून आधी गेलीयेस. सांग, कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "आधी हे सांग, उद्या ही कंपनी बुडाली तर तुझं सामान तुला कोण परत देणार?"

"अगं, मोठी कंपनी आहे. बुडायला काय झालं?"

"मोठी गलबतंही बुडतात मेल्या!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर तपासणीसाठी रक्त द्यायला बसलेला म्हातारा दचकून उभा राहिला. राग माझ्या नाकावर असतो, हे अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक आहे. पण हा राग मुकुलवरचा नव्हता. बिचाऱ्याला काय माहीत!

मी भार्गवी. रत्नागिरीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, अठ्ठ्याण्णव सालापासून. पहिल्या दिवसापासून माझ्याकडे जानूभाऊ आहेत. शाळेत कारकून होते. निवृत्त झाले आणि घरात माश्या मारत बसवेना म्हणून माझ्याकडे आले. अक्षर असं की छापलेलं वाटावं.

नव्याण्णव साली अंजनवेलची हौसा आली. सव्वीस वर्षांची बाई, शस्त्रक्रिया ठरलेली, म्हणून गट तपासायचा. आला 'ओ'. पण ओ गटाच्या एकाही बाटलीशी तिचं रक्त जुळेना. दोनदा केलं, तीनदा केलं. शेवटी मुंबईला नमुना पाठवला तेव्हा कळलं, बाईचा बॉम्बे गट. साध्या तपासणीत ओ दिसतो, पण ओ दिलं तर माणूस दगावतो. या गटाच्या माणसाला त्याच गटाचं रक्त लागतं, आणि असा माणूस हजारोंत एखादा. रक्तपेढीत ते भरून ठेवलेलं नसतं. हवं तेव्हा माणूसच शोधायला लागतो.

तेव्हापासून मी आणि जानूभाऊंनी नादच घेतला. ज्याचं ज्याचं रक्त जुळत नाही त्याची खोलात तपासणी. पाच वर्षांत जिल्ह्यातले आणि इथून मुंबईला गेलेले मिळून चौदा जण सापडले. जानूभाऊंनी त्यांची वही केली. नाव, गाव, फोन, फोन नसला तर निरोप कुठे द्यायचा: 'मालगुंड, शाळेमागे, पिठाच्या गिरणीत सांगणे.' त्या वहीने चार माणसं वाचवली. त्यातल्या तिघांना रक्त हौसाने दिलं. खाडी होडीने ओलांडून, पुढे एस्टीने, उलट्या करत यायची. मी एकदा म्हटलं, "हौसा, किती गो त्रास तुला!" तर म्हणाली, "त्यात काय ताई? माजं रगात कुनाच्या उपेगी पडतंय ना, मग झालं तर."

दोन हजार चार साली वीज कडाडली आणि लॅबचा कॉम्प्युटर जळला. सगळे रिपोर्ट गेले. वही तेवढी जानूभाऊंच्या पिशवीत होती म्हणून वाचली. त्याच महिन्यात अपूर्व आला. हेदवीचा, माझ्या माहेरच्या शेजारच्या घरातला. मी त्याला कडेवर घेतलेलं. पुण्यात कंपनी काढली होती. म्हणाला, "मावशी, यंत्र घरात ठेवूच नकोस. इथली खारी हवा आणि वीज त्याला टिकू देणार नाही. तुझं सगळं माझ्याकडे ठेव, इंटरनेटवर. तुला इथून दिसेल, मुंबईच्या डॉक्टरला तिथून दिसेल. फोन-पत्ता बदलला की एका जागी बदल, झालं."

मला पटलं. खरंच सांगते, गोष्ट चुकीची नव्हतीच. मुंबईहून फोन यायचा आणि जानूभाऊ जेवायला घरी गेलेले असायचे, वही त्यांच्या पिशवीत. असं दोनदा झालं होतं.

पण जानूभाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हा मुलगा आपलं सामान स्वतःच्या घरात ठेवणार की आणखी कुणाच्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याची स्वतःची यंत्रं आहेत की त्यानेही भाड्याने घेतलीत? आणि आपण परत मागितलं तर किती दिवसांत देणार? कशावर देणार? फोनची तार तुटली तर यादी बघायची कशी?"

मी वैतागले. "जानूभाऊ, तो परका आहे का? आपलाच आहे!"

"आपला आहे म्हणूनच विचारायला लाज वाटते," ते म्हणाले. "परक्याला आपण बेधडक विचारलं असतं."

आता ऐका मी काय केलं ते. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, कौल आधी. मी माहेरी गेले. गुरवाने देवीला ओली फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं: 'हा मुलगा सचोटीचा असेल, लेकीचा विश्वासघात करणार नसेल, तर उजवा कौल दे गो आई!' मी हात जोडून उभी. पाच मिनिटांत उजव्या खांद्यावरचं फूल टपकन पडलं. मी खूश होऊन परत आले आणि जानूभाऊंना प्रसाद दिला.

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा घेतला, तोंडात टाकला. म्हणाले, "आमच्यात कौल नाही ताई, त्यामुळे त्यातलं मला कळत नाही. पण देवीला विचारलंत, ते बरं केलंत. त्या मुलाला लेखी विचारलंत का?"

मला असा संताप आला! "तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही म्हणून ही सगळी नाटकं," मी म्हटलं. साठी उलटलेल्या माणसाला, दोन पेशंटांच्या देखत. दुसऱ्या दिवशी वही कपाटात ठेवून त्यांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली. पुढे महिनाभराने एकदाच म्हणाले, "दर महिन्याला एक प्रत छापून काढू या का? मी वहीत उतरवून घेईन." मी म्हटलं, "मग कॉम्प्युटर कशाला घेतला?" तो विषय तिथेच मेला.

तीन वर्षं सगळं झकास चाललं. हे मुद्दाम सांगते, कारण झकास चाललं होतं म्हणूनच मी निर्धास्त झाले. याच काळात घरोघरी मोबाइल आले, सगळ्यांचे नंबर बदलले. कोणी वाशीला गेलं, कोणी लग्न होऊन चिपळूणला. मी प्रत्येक बदल कॉम्प्युटरात घातला. वहीत एकही नाही.

दोन हजार सात. मे महिन्यात चौदातला एक जण लॅबमध्ये आला. त्या दिवशी जानूभाऊ रजेवर होते. म्हणाला, "ताई, माझी बदली झाली, माझा पत्ता बदलून घ्या." मी टाइप केलं आणि म्हटलं, "गेलं कॉम्प्युटरात. आता मी विसरले तरी चालतं." तो हसला. मी विसरले.

जुलैमध्ये कॉम्प्युटरवर यादीचं पान उघडेना. पावसात आमच्याकडे फोनची लाइन जातेच, कोण लक्ष देतो? दहा दिवस गेले. जानूभाऊ म्हणाले, "ताई, अपूर्वला फोन करा." केला. म्हणाला, "हो मावशी, बघतो." आणि मी समाधानाने फोन ठेवला.

त्या मंगळवारी सकाळी अकराला दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. "तुमच्याकडची बॉम्बे गटाची यादी हवीय, ताबडतोब. बाई बहिणीकडे आली होती, इथेच. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटलीय. पोटात रक्त साचलंय. मी उघडतोच आहे, पण निदान दोन बाटल्या हव्यात. तिने स्वतःच सांगितलं गट वेगळा आहे म्हणून. म्हणते, भार्गवीताईंकडे यादी हाय, त्या करतील काय ते."

"नाव काय?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

मी कॉम्प्युटरपुढे बसले. पान उघडेना. बंद केला, चालू केला. शेजारच्या सायबर कॅफेत धावत गेले, तिथेही तेच. अपूर्वला फोन लावला. त्याचा आवाज रडवेला. "मावशी, मी ज्यांच्याकडून जागा घेतली होती ती कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली. जुनी यंत्रं बंद केली. पंधरा दिवसांची नोटीस होती म्हणे, ती माझ्या जुन्या मेलवर. मी पाहिलीच नाही गं. मी त्यांच्या मागे लागलोय."

"आज मिळेल का?"

"आज नाही."

मुलगा सचोटीचाच होता. देवीने खोटं सांगितलं नाही. मी तिला माणसाबद्दल विचारलं, आणि यादी भलत्याच्याच घरात होती.

मागे वळून बघते तर जानूभाऊंनी कपाट उघडलेलं, वही काढलेली. ते नंबर वाचत गेले, मी फिरवत गेले. हा नंबर अस्तित्वात नाही. हा दुसऱ्याच कोणी उचलला. गिरणीत निरोप द्यायला माणूस धाडला, तर मालगुंडचे गृहस्थ साठीपुढचे, आजारी. डोंबिवलीचा केतन, तिथे शेजारीण म्हणाली, ते लोक खोली सोडून गेले. माझ्या डोक्यात सारखं घुमत होतं, कोणीतरी इथे आलाय, रत्नागिरीत आलाय, मी स्वतः टाइप केलंय. चष्मा होता. हसला होता. कोण? जानूभाऊ म्हणाले, "आठवा ताई, आठवा." मी डोकं भिंतीवर आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

दीड वाजता वाशीचा एक जण मिळाला. तो लगेच रक्त द्यायला गेला, बाटली घेऊन गाडी निघाली. पण मुंबई ते रत्नागिरी, पावसातला घाट. साडेपाचला डॉक्टरांचा फोन आला, गाडी थांबवायला सांगा.

मी दवाखान्यात गेले. हौसाची बहीण बाकावर बसली होती. मला बघून उठली आणि माझेच हात धरून म्हणाली, "ताई, तुमी लय धावलात." ते शब्द अजून माझ्या कानातून जात नाहीत. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी लॅबचं दार लोटून एक चष्मेवाला मुलगा आत आला. रेनकोट निथळत होता. "ताई, परत नंबर बदलला माझा, नवीन मोबाइल घेतला. केतन. डोंबिवलीहून आलो ना मे महिन्यात, आता नाचण्याला राहतो. तेवढं कॉम्प्युटरात घालून ठेवा."

नाचणे. लॅबपासून रिक्षाने दहा मिनिटं.

जानूभाऊंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, "मंगळवारी कुठे होतास रे?"

"मंगळवारी? इथेच, ऑफिसात. का हो काका?"

जानूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "काही नाही. सांग नंबर." आणि वहीत लिहून घेतला.

दोन महिन्यांनी अपूर्वने यादी मिळवली, एका सीडीवर. चौदाच्या चौदा नावं, हौसाच्या नावासकट. देताना माझ्या पाया पडला. मी त्याला काय बोलणार? जे मी विचारायला हवं होतं ते मी विचारलं नव्हतं. जानूभाऊंनी विचारलं होतं, आणि मी त्यांना गप्प केलं. त्यांची माफी मागितली तर म्हणाले, "मी पण हट्ट धरायला हवा होता, ताई. प्रत न विचारता उतरवायला हवी होती." दोष वाटून घेतला माणसाने. मला मात्र त्यातला तसूभरही कमी झाल्यासारखा वाटत नाही.

हे सगळं मी मुकुलला सांगितलं. त्याने पत्रकं गोळा केली आणि एका पत्रकाच्या पाठीवर लिहायला लागला: सामान खरंच कुणाच्या घरात. कंपनी बंद पडली तर किती दिवस आधी, कुणाला कळवणार. परत कसं मिळणार, आणि ते आजच एकदा मागून बघायचं. मी म्हटलं, "कंपनी कुठलीही घे. पण हे विचारताना आपला-परका बघू नकोस. आणि एक प्रत घरात. दर महिन्याची."

यादी आमच्याकडे आता पुन्हा कॉम्प्युटरात आहे, दुसऱ्या कंपनीकडे, सगळं लेखी घेऊन. दर एक तारखेला जानूभाऊ प्रत छापतात, वहीशी ताडून बघतात. आता तेरा जण आहेत.

केतन दर दोन-तीन महिन्यांनी येऊन नंबर तोच आहे ना ते बघून जातो. मुकुल बसला होता तेव्हाही आला होता. चांगला मुलगा. जाताना दारात थांबून नेहमीसारखं विचारलं, "ताई, इथे आल्यापासून एकदाही बोलावलं नाहीत. माझं रक्त कुणाला लागलंच नाही का हो?"

मी म्हटलं, "नाही रे. अजून नाही."